जास्तीच्या दुधाची सोय

घरात आलेले दूध त्याच दिवशी संपले नाही, तर त्याचे काहीतरी होणारच असते. काय व्हावे हे घरातल्या माणसाने ठरवले तर दही, पनीर, खवा किंवा तूप होते. नाही ठरवले तर जिवाणू ठरवतात. दुधात ८३ ते ८७ टक्के पाणी, साडेचार-पाच टक्के दुग्धशर्करा, साडेतीन-चार टक्के प्रथिने, गाईच्या दुधात चारच्या तर म्हशीच्या दुधात सहा-सात टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश आणि शिवाय क्षार असतात. जिवाणूंना लागणारा सगळा शिधा त्यात एकाच भांड्यात मिळतो. दुग्धशर्करेवर जगणारे जिवाणू तिचे लॅक्टिक आम्ल करतात. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.७ असतो, तो ४.६ पर्यंत उतरला की केसीन हे दुधातले मुख्य प्रथिन विरघळलेल्या अवस्थेत राहू शकत नाही आणि दूध घट्ट होते. विरजण लावून हे घडवले की दही, आपोआप घडले की नासलेले दूध.

हे घडायला किती वेळ लागतो, ते जवळजवळ पूर्णपणे तापमानावर अवलंबून असते. ३५ अंश सेल्सिअसच्या उकाड्यात एखादा जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतो असे धरले, तर आठ तासांत एकाचे पासष्ट हजारांहून अधिक होतात. चार अंशांच्या थंडीत हाच वेग इतका मंदावतो की दूध दोन-तीन दिवस टिकते. पण थंडीतही वाढ थांबत नाही. स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूंना फ्रीजमधली थंडी मानवते. ते मेदावर आणि प्रथिनांवर तुटून पडणारी विकरे सोडतात, आणि दूध उकळल्यावर जिवाणू मेले तरी ही विकरे बऱ्याच अंशी शाबूत राहतात. तीन-चार दिवस फ्रीजमध्ये पडलेल्या दुधाला आंबटपणाऐवजी एक कडवट, खवट चव येते ती यामुळे.

चवीला ठीक वाटणारे दूध गॅसवर ठेवताच फाटते, हा अनुभव घरोघरी असतो. ताज्या दुधाची आम्लता ०.१५ टक्क्यांच्या आसपास असते. ती ०.२ टक्क्यांच्या थोडी वर गेली तरी जिभेला फारसे जाणवत नाही, पण उष्णता आणि एवढे आम्ल एकत्र आले की केसीनचा तोल सुटतो. दूध संकलन केंद्रांवर हीच गोष्ट चाचणी म्हणून वापरतात: परीक्षानळीत थोडे दूध उकळून पाहायचे, गुठळी धरली की ते दूध परत. घरीही शंका असलेले दूध सगळेच्या सगळे पातेल्यात ओतण्याऐवजी पळीभर दूध कढल्यात उकळून पाहावे. ते फाटले नाही तर बाकीच्या दुधाला अजून काही तास आहेत असे समजावे आणि त्याचे काय करायचे ते तेव्हाच ठरवावे.

इथे एक जुना समज तपासून घ्यायला हवा. दूध आंबले तर बिघडत नाही, त्याचे दही किंवा पनीर करता येते, हे आजीच्या काळी बव्हंशी खरे होते. गोठ्यातून आलेल्या निरशा दुधात आम्ल करणारे जिवाणू भरपूर असत आणि तेच इतरांना वाढू देत नसत, त्यामुळे दूध बिघडताना स्वच्छ आंबट होई. पिशवीतले दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून पाश्चरीकरण केलेले असते. त्यात हे आंबवणारे जिवाणू मरतात. उरतात ते बीजाणूंच्या रूपाने उष्णता सोसणारे बॅसिलस जातीचे. ते दूध आंबवण्याआधी कुजवतात. म्हणून पिशवीचे दूध कित्येकदा आंबट न होताच फाटते, कडू लागते आणि त्याला वास येतो. असे दूध उकळून वाचत नाही, कारण काही जिवाणूंची विषद्रव्ये उकळण्याच्या तापमानाला नष्ट होत नाहीत. ताजे दूध तापवताना किंचित फाटले तर त्याचे पनीर करायला हरकत नाही. दिवसभर ओट्यावर राहिलेले, वास मारणारे, तार धरणारे किंवा कडू दूध मात्र टाकून द्यावे. काटकसरीचा मान ठेवूनही हेच खरे.

चंदीगडसारख्या शहरात जास्तीच्या दुधाचा प्रश्न वर्षातून दोनदा, दोन उलट रूपांत समोर येतो. मे-जूनमध्ये तिथला पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि सकाळी बाहेर राहिलेले दूध दुपारच्या जेवणापर्यंत हाती लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत धुके पडते, रात्रीचे तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरते आणि विरजण लावलेले दूध सकाळी दूधच असते. चंडीमंदिरची लष्करी छावणी, पीजीआय, बँका किंवा केंद्र सरकारच्या कचेऱ्या यांच्या निमित्ताने तिथे राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाचे पुण्या-मुंबईतले दुधाचे वेळापत्रक तिथे पहिल्याच वर्षी कोलमडते.

दूधही तिथे मुबलक. पंजाबात दरडोई रोज एक किलोहून अधिक दूध तयार होते. देशाची सरासरी त्याच्या निम्मीही नाही. चंदीगडच्या सेक्टरांमधल्या बूथवर पंजाबच्या सहकारी महासंघाचे वेरका आणि हरियाणाच्या महासंघाचे व्हिटा अशी दोन्ही राज्यांची दुधे मिळतात. वेरका हे नाव अमृतसरजवळच्या गावाचे, आणि शहराला पुरवठा करणारी वेरकाची डेअरी लगतच्या मोहालीत आहे. शिवाय आसपासच्या गावांतून मोटारसायकलला कॅन लटकावून येणारे दोधी आहेतच. दोध्याकडचे दूध बहुधा म्हशीचे किंवा मिसळीचे, दाट आणि निरसे असते. ते आल्याबरोबर उकळावेच लागते. पिशवीच्या दुधाचे तसे नाही. लगेच उकळले नाही तरी ते सुरक्षित असते, टिकाऊ मात्र नसते.

थंडीत म्हशी अधिक दूध देतात. हिरवा चारा असतो, व्यायलेल्या म्हशींची संख्या जास्त असते, आणि हवा थंड असल्याने जनावराला त्रास नसतो. दूध जास्त आणि गिऱ्हाईक तेवढेच, ही अडचण नुसती घरगुती नाही. १९४६ साली स्थापन झालेल्या खेडा जिल्हा सहकारी दूध संघापुढेही तीच होती. हिवाळ्यातले वाढीव दूध मुंबईला खपत नव्हते, आणि ते वाया जाऊ नये म्हणूनच आणंदला भुकटी आणि लोण्याचा कारखाना उभा राहिला. १९५५ साली त्याचे उद्घाटन झाले. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असे परदेशी जाणकार म्हणत असताना दुग्धतंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी ती तिथे करून दाखवली. पुढे अमूल म्हणून ओळखल्या गेलेल्या या संघाचा सगळा पसारा एका अर्थी उरलेल्या दुधाच्या सोयीतून वाढला.

घरात उरते ते दूध मात्र लिटरांनी क्वचितच. बहुतेकदा कपभर, फार तर अर्धा लिटर. एवढ्यासाठी पनीरचा घाट घालू नये. मराठी स्वयंपाकात त्यासाठी दशमी आहे. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवली की वाटी-दीड वाटी दूध सहज खपते, पोळी मऊ राहते आणि प्रवासात दोन दिवस टिकते. सत्यनारायणाच्या प्रसादाचा सव्वा-सव्वा मापाचा शिरा, दूधपोहे, शेवयांची किंवा तांदळाची खीर, रात्रीचे हळदीचे दूध हे सारे त्याच मापाचे पदार्थ. चंदीगडच्या उन्हाळ्यात आणखी एक सोपी वाट आहे: कच्ची लस्सी. एक भाग थंड दुधात तीन-चार भाग गार पाणी, साखर आणि गुलाबाचे सरबत घालायचे, बस. गुरू अर्जनदेव यांच्या शहादतीच्या स्मरणदिनी, म्हणजे मे-जूनच्या ऐन उन्हात, सेक्टरासेक्टरांत रस्त्याकडेला छबील लागतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हीच कच्ची लस्सी ग्लास भरभरून पाजली जाते. गुरूंना १६०६ साली लाहोरला तापल्या तव्यावर बसवल्याची परंपरा सांगते. म्हणून थंड पाजायचे. घरी एक लिटर दुधाची चार-पाच लिटर लस्सी होते, चूल पेटवावी लागत नाही, आणि शेजाऱ्यांना बोलावले की अर्ध्या तासात भांडे रिकामे. नावात कच्ची असली तरी दूध उकळून गार केलेलेच घ्यावे.

लगेच काही करायला वेळ नसेल तेव्हा थंडीचा आधार. उकळलेले दूध ओट्यावर तासन्‌तास कोमट राहू देणे ही सर्रास होणारी चूक आहे. उकळीत बीजाणू मरत नाहीत, आणि साठ अंशांपासून खाली येताना जो कोमट टप्पा लागतो त्यात ते जागे होतात. पातेले परातीतल्या थंड पाण्यात ठेवून, मधूनमधून ढवळून, अर्ध्या तासात गार करावे आणि मग झाकून फ्रीजच्या आतल्या कप्प्यात ठेवावे. दारातला दुधाच्या पिशव्यांचा कप्पा सोयीचा खरा, पण फ्रीजमधली ती सर्वांत कमी थंड जागा. दर वेळी दार उघडले की बाहेरची हवा पहिल्यांदा तिथेच लागते.

गावाला जाण्याच्या आदल्या दिवशी दोन पिशव्या तशाच राहिल्या तर दूध गोठवताही येते. मात्र ते ताजे असतानाच गोठवावे. बिघडू लागलेले दूध गोठून सुधारत नाही, जिथल्या तिथे थांबते एवढेच. गोठताना दूध सुमारे नऊ टक्के फुगते, म्हणून डबा काठोकाठ भरू नये आणि पिशवी तशीच फ्रीझरमध्ये टाकू नये. महिनाभराने फ्रीजमध्येच सावकाश वितळू दिले की ते थोडे पाणचट आणि कणीदार दिसते, कारण मेदाचे थेंब एकमेकांना चिकटलेले असतात. चहा, खीर, दही किंवा पनीर यांना ते चालते. नुसते प्यायला बहुतेकांना आवडत नाही.

आंबवणे ही दूध टिकवण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त रीत. पंजाबच्या खेड्यांत फ्रीज येण्यापूर्वी तिची एक देखणी साखळी होती. सकाळचे दूध काढनी नावाच्या मातीच्या मडक्यात घालून हाऱ्यात ठेवत. हारा म्हणजे मातीची उभी शेगडी, तिच्यात गोवऱ्यांचा धुमसता विस्तव. दिवसभर दूध उकळीच्या जरा खाली राही, त्यावर जाड तांबूस साय धरे आणि दुधालाही बदामी रंग चढे. तापमान इतके वर असल्याने जिवाणूंना वाढायला फटच मिळत नसे. थंडीने जे काम फ्रीज करतो ते इथे धग करी. संध्याकाळी दूध कोमट झाले की जाग, म्हणजे विरजण, लावायचे, रात्रभर चाटीत, म्हणजे मातीच्या घड्यात, दही लागू द्यायचे आणि पहाटे मधानीने, म्हणजे रवीने, घुसळून लोणी काढायचे. उरलेली ताकासारखी लस्सी दिवसभर पुरे. चोवीस तासांत दुधाचा एकही थेंब दूध म्हणून शिल्लक राहत नसे. आजच्या कोणत्याही काटेकोर गृहव्यवस्थेपेक्षा ही पद्धत सरस होती असेच म्हणावे लागेल.

शहरातल्या स्वयंपाकघरात दह्याचे गणित तापमानाचेच आहे. विरजणातल्या जिवाणूंपैकी स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस यांना चाळीस अंशांच्या आसपासची ऊब लागते, लॅक्टोकोकस जातीच्यांना तीसच्या आसपासची. दुधात बोट बुडवून दहापर्यंत मोजता आले, चटका बसला नाही पण ऊब जाणवली, तर ते योग्य. उन्हाळ्यात त्याहून थोडे गारच बरे: अर्ध्या लिटरला चमचाभराहूनही कमी विरजण पुरते आणि चार तासांत दही लागते. त्याच क्षणी ते फ्रीजमध्ये गेले नाही तर सहाव्या तासाला आंबट.

चंदीगडच्या जानेवारीत नेमके उलट. खोलीतच बारा-तेरा अंश असतात, त्यामुळे कोमट दूध तासाभरात गार पडते आणि जिवाणू झोपी जातात. तिथल्या बायका दुधाचे झाकलेले भांडे जाड शालीत गुंडाळून कणकेच्या डब्यात पुरतात. पीठ उष्णतेचे वाईट वाहक असल्याने भांड्यातली ऊब आतच कोंडून राहते. त्या दिवसांत विरजण दोन-तीन चमचे घ्यावे, ते दुधात चांगले घुसळावे, आणि दूध नेहमीपेक्षा किंचित जास्त गरम असताना लावावे. बंद ओव्हनमध्ये दिवा चालू ठेवून किंवा गरम पाण्याचे पातेले शेजारी ठेवूनही काम होते. दहा-बारा तास मात्र द्यावेच लागतात, आणि मधे भांडे हलवून पाहण्याचा मोह आवरावा लागतो.

दही साठले तर ते पुन्हा पुढे ढकलता येते. ताक, मठ्ठा, कढी, ताकातली उकड हे रोजचे; पंजाबी शेजारणीकडे त्याच दह्याची भजी घातलेली कढी रविवारी भाताबरोबर होते, आणि त्या कढीला दही जितके आंबट तितके बरे. ताजे, गोड दही जास्त असेल तर ते फडक्यात बांधून टांगावे. सात-आठ तासांत साधारण तिसरा हिस्सा चक्का उरतो. त्यात जवळपास वजनाइतकी साखर फेटली की श्रीखंड. साखरेने पाणी बांधून ठेवलेले असते आणि आंबटपणाही मदतीला असतो, म्हणून श्रीखंड फ्रीजमध्ये दह्याच्या कितीतरी पट दिवस टिकते. उन्हाळ्यात टांगलेले दही स्वयंपाकघरात राहू देऊ नये. चाळणीत फडके घालून फ्रीजमध्येच निथळावे, नाहीतर आंबट चक्का हाती येतो.

लिटर-दोन लिटर दूध एकदम हातावेगळे करायचे असेल तर पनीरला तोड नाही. त्यामागचे तत्त्व विरजणाचेच, पण जिवाणूंनी सावकाश करायचे काम लिंबू एका मिनिटात करते. दूध एकदा नीट उकळावे. उकळल्याने दुधातली निवळीची प्रथिनेही केसीनला चिकटतात आणि ती पाण्यात वाहून जाण्याऐवजी पनीरात येतात. मग गॅस बंद करून दोन-तीन मिनिटे थांबावे. उकळत्या दुधात आम्ल घातले की पनीर कोरडे आणि रबरी होते. ऐंशी अंशांच्या आसपास घातले की मऊ. एका लिटरला दोन मोठे चमचे लिंबाचा रस थोड्या गरम पाण्यात मिसळून, किंवा दोन ग्रॅम लिंबूसत्व पेलाभर पाण्यात विरघळवून, धारेने घालावे आणि हलक्या हाताने ढवळावे. पांढरे पाणी अचानक हिरवट-पिवळे आणि पारदर्शक झाले की थांबावे. हा हिरवट रंग ब जीवनसत्त्वांपैकी रायबोफ्लेविनचा. त्यानंतर घातलेला प्रत्येक थेंब पनीर आंबट करतो, आणखी काही करत नाही.

फाटलेले दूध मलमलीत गाळून वर थंड पाणी ओतावे, म्हणजे लिंबाची चव जाते. फडके पिळून सपाट करून, वर पाण्याने भरलेला डबा वजन म्हणून अर्धा तास ठेवावा आणि वडी झाली की ती तासभर गार पाण्यात बुडवावी. भुर्जी करायची असेल तर दाबण्याचीही गरज नाही. पाण्यात बुडवून, पाणी रोज बदलून, असे पनीर फ्रीजमध्ये चार दिवस चांगले राहते.

पनीर किती पडेल हे दुधावर ठरते. म्हशीच्या किंवा फुल क्रीम दुधाच्या लिटरमागे पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम, टोन्ड दुधाच्या लिटरमागे सव्वाशे-दीडशे. नियमाप्रमाणे फुल क्रीममध्ये सहा टक्के स्निग्धांश आणि नऊ टक्के इतर घनपदार्थ असतात, टोन्डमध्ये तीन आणि साडेआठ. टोन्ड दुधाची युक्ती मूळ मुंबईची. दाट म्हशीच्या दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून तेवढ्याच मेदात जास्त लोकांना दूध पुरवण्याची ही कल्पना दारा खुरोडी यांनी १९४० च्या दशकात तिथे राबवली. १९६३ साली त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरांना स्वस्त दूध मिळाले हे त्यांचे मोठे काम. पनीर करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते दूध कद्रू आहे.

लिटरभर दुधातून सुमारे आठशे मिलिलिटर निवळी निघते आणि बहुतेक घरांत ती मोरीत जाते. तिच्यात जवळजवळ सगळी दुग्धशर्करा, क्षार आणि थोडी प्रथिने असतात. तिच्यात भिजवलेली कणीक मऊ होते, कढी-आमटीत ती पाण्याऐवजी चालते. आणखी चांगला उपयोग बंगाली हलवायांना पूर्वीपासून माहीत आहे: निवळी एक दिवस ठेवून आंबू द्यावी आणि पुढच्या खेपेचे दूध तिनेच फाडावे. लिंबाच्या मानाने पनीर बरेच मऊ होते. कुंडीतल्या झाडांना निवळी घालण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, पण तिच्यातले आम्ल आणि साखर पाहता मुंग्यांचाच फायदा अधिक.

आटवणे ही तिसरी वाट, आणि चवीच्या दृष्टीने सर्वांत वरची. पाणी उडाले की जिवाणूंना वाढायला जागा उरत नाही. साखर घातली की उरलेले पाणीही त्यांच्या हाती लागत नाही. दूध निम्मे आटले की बासुंदी, जिच्यासाठी नृसिंहवाडीला जाणारे दर्शनाइतकेच तिच्याकडेही लक्ष ठेवून असतात. पार गोळा होईपर्यंत आटवले की खवा. गाईच्या दुधाच्या लिटरमागे पावणेदोनशे ग्रॅम, म्हशीच्या दुधाच्या लिटरमागे दोनशेच्या थोडा वर. दूध जरासे आंबटाकडे झुकलेले असेल तर खवा गुळगुळीत न होता दाणेदार होतो, आणि कलाकंदाला नेमका तोच हवा असतो. बेळगावचा कुंदा तर आटत्या दुधात मुद्दाम दही घालून, रवाळ आणि तपकिरी होईपर्यंत परतूनच होतो. दुधाचा थोडासा दोष इथे गुण ठरतो.

पण आटवण्याची किंमत गॅसवर मोजावी लागते. एक लिटर दुधाचा खवा करताना पाऊण लिटर पाण्याची वाफ करावी लागते. घरगुती शेगडीची साठ टक्क्यांच्या आसपासची कार्यक्षमता धरून ढोबळ हिशेब केला तर त्यासाठी सुमारे पाऊणशे ग्रॅम गॅस जळतो, १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये दोनशे लिटरहूनही कमी दूध आटेल. तेच दूध पनीरसाठी नुसते उकळायला बारा-पंधरा ग्रॅम पुरतात. शिवाय तासभर कढईजवळ उभे राहून बुडाला लागू न देण्याचे कष्ट. लिटरभर दुधासाठी हा खटाटोप कोणी रोज करणार नाही, करूही नये.

त्यावरचा पंजाबी तोडगा म्हणजे गजरेला. डिसेंबर ते फेब्रुवारी चंदीगडच्या मंडईत लांब, लालभडक, रसाळ गाजरांचे ढीग लागतात, आणि नेमके तेव्हाच दूधही जास्त असते. किलोभर किसलेल्या गाजराला लिटर-सव्वा लिटर दूध लागते. ते गाजराच्या किसाबरोबरच आटते, त्यामुळे वेगळा खवा करावा लागत नाही, आणि करपण्याची भीतीही बरीच कमी होते. शेवटी साखर आणि तूप घालून परतलेला गजरेला फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. दूध खपवण्याचा हिवाळी उपाय म्हणून दुधी हलवाही याच जातीचा, पण दुधीला गाजराची गोडी नसल्याने साखर जास्त लागते.

लोणी-तुपाला दूध खपवण्याचा उपाय म्हणणे तितकेसे बरोबर नाही. एका लिटर फुल क्रीम दुधात साठ ग्रॅम स्निग्धांश. साय काढून घेतली तरी बाकीचे दूध राहतेच. तरीही रोजची साय फ्रीजमध्ये झाकून साठवावी, आठवड्याने विरजण लावून घुसळावी. लोणी गोळा व्हायला मिश्रण बारा-पंधरा अंशांच्या आसपास लागते, म्हणून जूनमध्ये घुसळताना बर्फ घालावा लागतो आणि जानेवारीत कोमट पाणी. कढवलेल्या तुपात पाणी अर्ध्या टक्क्याहून कमी उरते, म्हणून फ्रीजशिवाय ते महिनोन्‌महिने राहते. तळाची बेरी साखर घालून मुलांना द्यावी किंवा पोळीवर घ्यावी.

ज्या घरात दुधाचा खप रोज बदलतो, माणसे वारंवार बाहेरगावी असतात, तिथे रतीब कमी करून उरलेली गरज अतिउष्ण प्रक्रियेच्या, म्हणजे यूएचटी दुधावर भागवणे शहाणपणाचे. हे दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक वेष्टनात भरलेले असते. ते न उघडता बाहेरच कित्येक महिने राहते, चंदीगडच्या जूनमध्येसुद्धा. फोडलेले खोके मात्र साध्या दुधासारखेच वागते: ते फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे लागते.